मऊ बदक, जत्रेतली खेळणी आणि सासूबाईंचं मन

पत्र थोडक्यात असं: सिंधुदुर्गातल्या एका ताईंनी लिहिलंय. मुलगा साडेनऊ महिन्यांचा, नवरा मुंबईत नोकरीला, गावच्या घरात त्या, सासूबाई आणि बाळ. सासूबाईंनी आंगणेवाडीच्या जत्रेतून नातवासाठी हौसेने खेळणी आणली, त्यात दाबलं की वाजणारं पिवळं बदक आणि एक मऊ मासा. दात येतायत म्हणून गेले चार महिने बदक सतत तोंडात. मग ताईंनी मोबाईलवर वाचलं की प्लास्टिक मऊ करायला घालतात त्या केमिकलमुळे मुलांच्या हार्मोन्सवर परिणाम होतो, मोठेपणी मूल होत नाही. त्या घाबरल्या आणि सगळी खेळणी गोणीत भरायला घेतली. सासूबाई म्हणाल्या, "आमची पोरां अशीच वाढली, तेंका काय झाला?" आणि आता दोन दिवस त्या नीट बोलत नाहीयेत. नवरा म्हणतो ऑनलाईन महागातली ब्रँडेड मागव, विषय संपव. ताईंचे प्रश्न: नुकसान झालंच असेल का, त्याची काही टेस्ट असते का, सगळं फेकून देऊ का, आणि आईंना कसं सांगू.

ताई, तुमचा मेल रात्री पावणेदोनचा आहे, म्हणजे झोप उडालीय हे वेगळं सांगायला नको. म्हणून जे लगेच सांगण्यासारखं आहे ते आधी सांगते. बदक आणि मासा आजच बाजूला करा. टेस्ट कुठलीही नको. घरातलं सगळं प्लास्टिक उचलून फेकायची अजिबात गरज नाही. आणि सासूबाईंशी जे बिनसलंय ते मला बदकापेक्षा मोठं वाटतं, त्यावर नंतर बोलू कारण त्याला जरा वेळ लागेल.

आता हे नेमकं काय आहे ते समजून घ्या, कारण अर्धवट वाचलं की भीती दुप्पट होते. पीव्हीसी मुळात कडक असतं, आपल्याकडे पावसाचं पाणी उतरवायला पन्हळीला जो पाइप लावतात ना तेच ते. त्याचंच मऊ बदक करायचं तर त्यात तेलासारखा पातळ पदार्थ मिसळावा लागतो, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात आणि वर्षानुवर्षं ह्या कामाला सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं कुटुंब म्हणजे थॅलेट्स. मऊ पीव्हीसीत हे चिमूटभर नसतं, वजनाच्या १० ते ४० टक्के, कधी त्याहून जास्त. आणि मुख्य म्हणजे ते प्लास्टिकला रासायनिकरीत्या जोडलेलं नसतं, नुसतं आत मुरलेलं असतं, त्यामुळे हळूहळू बाहेर येतं. ऊन लागलं की जास्त, तेलकट वस्तूला टेकलं की जास्त, चावलं चोखलं की लाळेत.

हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी लहानपणीच बघितलंय. कंपासपेटीत खोडरबर आणि प्लास्टिकची पट्टी मे महिनाभर एकत्र राहिली की जूनमध्ये शाळा सुरू होताना ती एकमेकांना चिकटलेली असायची, ओढून काढलं की पट्टीवर खोडरबराच्या आकाराचा खड्डा आणि आकडे पुसलेले. ते खोडरबर पीव्हीसीचं असतं, त्यातलं प्लास्टिसायझर बाहेर येऊन पट्टीचं प्लास्टिक विरघळवतं. उष्णतेने वितळतं असं आम्हाला वाटायचं, पण तसं नसतं. माझ्या मुलीची एक बाहुली मी पोटमाळ्यावर जपून ठेवली होती, बावीस वर्षांनी काढली तर चेहरा आणि हात हाताला चिकट लागत होते, मधात बोट घातल्यासारखे, वर धूळ बसून काळे झालेले आणि फ्रॉकवर जिथे हात टेकलेला तिथे पिवळा तेलकट डाग. कौलांखालची एवढी वर्षांची गरमी खाऊन आतलं सगळं पृष्ठभागावर आलं होतं. धुतली तरी पुन्हा चिकट. ही बाहुली मुलगी तोंडात घालायची हे मला तेव्हा आठवलं आणि पोटात खड्डा पडला, म्हणून तुमची रात्रीची अवस्था मी समजू शकते.

पण आता "मोठेपणी मूल होणार नाही" हे जे तुम्ही वाचलं, ते तसं वाचू नका. उंदरांना मोठ्या मात्रेत, विशेषतः गाभण असताना, काही थॅलेट्स दिले की नर पिल्लांच्या जननेंद्रियांची वाढ बिघडते, हे पुन्हा पुन्हा दिसलंय. डीईएचपी, डीबीपी, बीबीपी ही त्यातली नावं, ती पुरुष हार्मोनच्या कामात अडथळा आणतात. माणसांमध्ये २००५ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात गरोदरपणी आईच्या लघवीत थॅलेट्सचे अंश जास्त असले तर मुलग्यांच्या जननेंद्रियांच्या मापात थोडा फरक दिसला. म्हणजे सगळ्यात नाजूक काळ पोटातला. तिथून "बदक चावलं म्हणून वांझपणा" इथपर्यंत उडी मारता येत नाही आणि एका बाळावर एका बदकाने काय झालं हे जगातला कुठलाच डॉक्टर मोजून सांगू शकत नाही. मग खेळण्यांत थॅलेट्स वापरण्यावर बऱ्याच देशांनी बंदी का घातली? कारण बाळ छोटं, वजनाच्या मानाने त्याच्या पोटात जाणारी मात्रा मोठी, ते दिवसभर तोंडात घालतं, हार्मोन्सची घडी बसायचं ते वय, आणि खेळण्यात हे घालायलाच हवं असंही नाही, दुसरे पर्याय आहेत. एवढी कारणं पुरेशी आहेत ना? पुरावा पूर्ण जमेपर्यंत बाळाला चघळत ठेवायचं कशाला, असा सरळ विचार आहे तो.

चार महिने गेले त्याचं काय, हा तुमचा खरा प्रश्न. थॅलेट्स शिशासारखे किंवा जुन्या डीडीटीसारखे शरीरात वर्षानुवर्षं साठून राहत नाहीत. शरीर ते फोडतं आणि बराचसा भाग एक-दोन दिवसांत लघवीवाटे जातो. म्हणजे आज बदक काढलंत तर परवा त्या बदकातून आलेलं बाळाच्या अंगात जवळपास नसेल. म्हणूनच टेस्ट नको म्हटलं. लघवीत हे अंश मोजता येतात, पण ते संशोधनासाठी, त्यावरून बाळाला काही औषध द्यायचं असतं किंवा पुढचं काही कळतं असं नाही, आणि आकडा हातात आला की तुम्ही आणखी चार रात्री जागाल. पुढच्या लसीकरणाला जाल तेव्हा बालरोगतज्ज्ञांना नुसतं कानावर घाला. फक्त एखाद्या खेळण्याचा रंग बाळाने खरवडून खाल्ला असेल तर वेगळं, तिथे शिशाचा प्रश्न येतो, त्याची रक्ताची तपासणी असते आणि ती करायची की नाही हे डॉक्टर ठरवतील.

तुमच्या मिस्टरांचं "महागातलं मागव" हे मला फारसं पटत नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने २०१० मध्ये दिल्लीच्या बाजारातून २४ खेळणी घेऊन तपासली होती, थॅलेट्स सगळ्यांत सापडले होते, आणि ती काही नुसती फुटपाथवरची खेळणी नव्हती. किंमत बघून हे कळत नाही. बघायचं ते आयएसआय मार्क. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आपल्याकडे तो सक्तीचा आहे, देशी असो की बाहेरून आलेलं. त्यातलं आयएस ९८७३ हे स्टँडर्ड आणि त्याचा भाग ९ खास थॅलेट्सवर. मर्यादा युरोपासारखीच, ०.१ टक्का, म्हणजे किलोला एक ग्रॅम. आता वरचा १० ते ४० टक्क्यांचा आकडा आठवा, म्हणजे लक्षात येईल की खेळणं मऊ करायला थॅलेट वापरलं असेल तर ते ह्या मर्यादेच्या आसपाससुद्धा बसत नाही. युरोपने १९९९ मध्ये तीन वर्षांखालच्या मुलांच्या तोंडात घालायच्या खेळण्यांतल्या थॅलेट्सवर तात्पुरती बंदी घातली, २००५ मध्ये कायमचा नियम केला, अमेरिकेने २००८ मध्ये. आपण उशिरा आलो पण आलो, त्याचा उपयोग करून घ्या.

उपयोग कसा तर खेळण्याच्या किंवा पाकिटाच्या मार्कखाली सीएम/एल आणि पुढे एक नंबर असतो, तो बीआयएस केअर नावाच्या सरकारी ॲपमध्ये टाकला की लायसन्स कुणाचं, चालू आहे की नाही ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे. मार्क नुसता छापून पण देतात लोक, म्हणून नंबर टाकून बघायचाच. आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात "बीपीए फ्री" दिसलं म्हणून खूश होऊ नका, बीपीए हे वेगळं केमिकल, वेगळ्या प्लास्टिकमधलं. आपल्याला हवंय ते "थॅलेट फ्री" किंवा "पीव्हीसी फ्री".

आता घरातलं वर्गीकरण. गोणीत भरलेली खेळणी बाहेर काढा आणि हाताने दाबून बघा. कडक प्लास्टिक, ठोकळे, डबे, रिंगा, ह्यांत सहसा प्लास्टिसायझर नसतं, चिरा-टोकं नसतील तर ती राहू देत. जे रबरासारखं मऊ, दाबलं की दबतं, चिकट लागतं, नव्या रेनकोटसारखा वास मारतं, आणि कुठे बनवलं काय काही लिहिलेलं नाही, ते बाजूला. वासाबद्दल मात्र एक सांगते, बहुतेक थॅलेट्सना स्वतःला फारसा वास नसतो, त्यामुळे वास येत नाही म्हणजे सुरक्षित असं नाही. उकळून, उन्हात घालून, मिठाच्या पाण्यात ठेवून ते निघून जात नाही, उलट गरम करून जास्तच बाहेर आणाल.

पण खेळण्यांवरच नजर ठेवून बसू नका. साडेनऊ महिन्यांचं बाळ धरून उभं राहायला लागलं असेल किंवा लागेलच. कशाला धरतं? टेबलाला. आणि टेबलावर बहुतेक घरांत ते जाड पारदर्शक मऊ कव्हर असतं, त्याची लोंबणारी कड बरोबर बाळाच्या तोंडाच्या उंचीवर येते. ते पीव्हीसीच. मोबाईलच्या चार्जरची वायर, रिमोटचं मऊ कव्हर, फुगवायचा टब, हे बहुतेक वेळा त्याच जातीचं. मी एका ओळखीच्या घरी बघितलं, दात येताना चावायला देतात तो इम्पोर्टेड टीथर टोपलीत पडलेला आणि बाळ खाटेखाली बसून चार्जरची वायर चघळतंय. कव्हर काढून सुती चादर घाला, वायरी वर घ्या, लादी ओल्या फडक्याने पुसा कारण घरातल्या धुळीतही हे उतरतं, रांगून आलं की हात धुवा. पेज, वरणभात गरम असताना प्लास्टिकच्या वाटीत नको, स्टीलची वाटी घ्या. मोठ्या माणसांच्या अंगात तर थॅलेट्स मुख्यतः खाण्यातूनच येतात.

आणि एक गोष्ट जिची मला थॅलेट्सपेक्षाही जास्त काळजी वाटते. ते बदक उलटं करून बघा, बुडाला एक बारीक शिट्टी बसवलेली असेल, दाबली की वाजते ती. स्वस्त बदकात ती नखाने सुद्धा निघते. बाळाच्या हातात ती सुटी आली तर घशात अडकायला एक क्षण पुरतो. थॅलेट्स वर्षांच्या हिशोबातली गोष्ट आहे, ही मिनिटांची. जत्रेतल्या लाइटवाल्या, वाजणाऱ्या बाहुल्यांत बटण सेल असतात, ते गिळले तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, थांबून बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. तेव्हा त्या बाहुल्यांची सेलची झाकणं स्क्रूने घट्ट आहेत का ते आजच बघा. नसतील तर सेल काढून टाका, वाजली नाही तरी चालेल.

मग द्यायचं काय चावायला? स्वच्छ सुती रुमालाला गाठ मारून ओला करून फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही, गार करा आणि तुम्ही समोर असताना द्या, हिरड्यांना ह्यासारखं दुसरं काही नाही. स्टीलचा जाड चमचा, वाटी, घासून गुळगुळीत केलेली करवंटी. सावंतवाडीची लाकडी खेळणी आपल्या हाताशी आहेत, चितार आळीत जाऊन समोरासमोर विचारता येतं हे भाग्यच आहे आपलं. पण "लाकडी म्हणजे सुरक्षित" हेही डोळे मिटून धरू नका. लाकूड पांगाऱ्याचं असो की आंब्याचं, वर चकचकीत ऑइल पेंट असेल तर त्यात शिसं असू शकतं, शोकेससाठी बनवलेली ती सुंदर फळं बाळाने चघळायची नसतात. कारागिरांना सांगा की बाळ तोंडात घालणार आहे, बिनरंगाचं घासून द्या. हस्तकला विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे तिथे मार्क शोधू नका, असं सरळ विचारणं हाच मार्ग.

आता सासूबाई. "आमची पोरां अशीच वाढली" हे वाक्य तुम्हाला अडाणीपणाचं वाटलं ना? मला त्यात वेगळं ऐकू येतं. त्या जत्रेच्या गर्दीत, देवीच्या दर्शनाला रांगेत तास न् तास उभ्या राहून, पायांचं दुखणं घेऊन, नातवासाठी निवडून एक वस्तू घेऊन आल्या आणि सुनेने ती गोणीत टाकली, तीही "विष" म्हणून. केमिकल त्यांना कळलं नसेल, पण आपण आणलेलं टाकून दिलं हे नक्की कळलं. तुम्ही पत्रात त्यांचं वाक्य दोनदा लिहिलंय, पण तुम्ही त्यांना नेमकं काय म्हणालात ते एकदाही लिहिलं नाहीत, तेवढं जरा आठवून बघा.

शिवाय त्यांचं वाक्य एका अर्थाने खरंच आहे, फक्त ते तुमच्या बाजूचं आहे. त्यांची पोरं कशाने खेळली ते विचारा. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी गावात मऊ प्लास्टिकची खेळणी अशी होती किती? करवंट्या, माडाच्या झावळीचं भिरभिरं, लाकडी भातुकली, जुन्या लुगड्याची बाहुली. त्यांची पोरं वाढली ती ह्यावर. म्हणून भांडण जिंकायला नको, मदत मागायला जा. "आई, बदकाचं प्लास्टिक चांगलं नाही असं कळलं, तुम्हाला कसं माहीत असणार, मलाच परवा कळलं. चार महिने मीच त्याच्या तोंडात देत होते. तुम्ही ह्यांच्यासाठी बाहुली कशी करायचात ती मला दाखवा ना." त्यांच्याच जुन्या सुती लुगड्याची, आत चिंध्या भरून, डोळे दोऱ्याने काढलेले, बटणं लावायची नाहीत. ते कंपासपेटीतलं खोडरबर आणि पट्टी कुठे मिळाली तर त्यांच्या हातात द्या, त्या खड्ड्याकडे बघून जे कळेल ते मोबाईलवरचा लेख वाचून दाखवून कळणार नाही. आणि बदक त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकू नका. शिट्टी काढून वर देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवा, आजीने आणलेलं पहिलं खेळणं म्हणून, बाळाच्या हाताबाहेर. एक बदक फळीवर राहिल्याने काही बिघडत नाही.

बाकीची टाकायची आहेत ती न्हाणीच्या चुलीत किंवा पाचोळ्याच्या ढिगावर जाळू मात्र नका. आपल्याकडे ही सवय फार आहे, अंघोळीचं पाणी तापवताना कागदाबरोबर प्लास्टिक पण आत. पीव्हीसी जळलं की त्यातल्या क्लोरीनमुळे हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर होतो, डायॉक्सिन होतात, म्हणजे बाळाच्या तोंडातून काढलेलं तुम्ही त्याच्या नाकात घालाल. सुक्या कचऱ्यात द्या. कुणाच्या तान्ह्या बाळाला किंवा अंगणवाडीत पण देऊन टाकू नका.

गणपती आता महिन्यावर आले. मिस्टर येणार, दीर-नणंदा येणार, आणि चाकरमानी येताना प्रत्येकजण बाळासाठी पिशवी घेऊन येणार. नंतर कुणाचं मन मोडण्यापेक्षा आत्ताच घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाका, आणि शक्य असेल तर तो सासूबाईंच्या आवाजात व्हॉइस मेसेज असू दे: बाळासाठी मऊ प्लास्टिक आणू नका, सेलवालं आणू नका, आणायचंच तर सुती कपडे आणा नाहीतर आयएसआयवालं एखादं कडक खेळणं. आजी बोलली की मुंबईपर्यंत ऐकतात.

बदक रात्री बाळ झोपल्यावर हलवा. दोन दिवस ते शोधेल, रडेल, तेव्हा गार रुमाल तयार ठेवा.